जिभेला चिकटतं ते सगळं हाड नसतं

शेतात, विहिरीच्या खोदकामात किंवा नदीपात्रात वेगळा दगड दिसला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो: ‘दगड जिभेला लावा. चिकटला तर जीवाश्म झालेलं हाड, नाही चिकटला तर साधा दगड. खात्री करायची तर जाळून बघा, वास आला नाही की जीवाश्म. आणि गोल असेल तर डायनासोरचं अंडं.’ यातला पहिला दावा अर्धा खरा आहे, म्हणून तोच जास्त फसवतो.

‘चिकटला तर हाड.’ कोरड्या वस्तूत बारीक छिद्रं असली की ती जिभेवरचा ओलावा शोषते, त्याची ओढ जाणवते. हाडाला अशी छिद्रं असतात. तशी ती फुटक्या मडक्याच्या खापरीला, खडूला आणि सुकलेल्या चिकणमातीच्या ढेकळालाही असतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त फसवतो तो कंकर. काळ्या जमिनीत आणि नदीच्या पिवळट गाळात मुळाभोवती चुना साकळला की बोटाएवढी नळी तयार होते. मधे भोक, टोकाला फुगवटा. थेट बोटाचं हाड वाटावं, आणि वर जिभेलाही चिकटते!

‘नाही चिकटला तर दगड.’ इथे खरं हाड फेकलं जातं. छिद्रांत सिलिका (गारेचं खनिज) किंवा कॅल्साइट (चुन्याचं खनिज) भरलं की ओलावा शोषायला जागाच उरत नाही. पाण्यातून नुकतं निघालेलं ओलं हाडही चिकटत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला तर डायनासोरांच्या काळातल्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात. त्यात सापडलेले गवताचे सिलिकाकण 2005 मध्ये जगापुढे आले. तिथे दिसेल त्याला जीभ लावायची का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मग बघायचं काय? तुटलेलं टोक. माती मऊ, कोरड्या ब्रशनं झाडा, दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि उजेड तिरका पडू द्या. हाडाला बाहेर गुळगुळीत, घट्ट थर असतो आणि आत, विशेषतः सांध्याजवळ, जाळी असते. जाळीतल्या पोकळ्या वेड्यावाकड्या आणि एकमेकींना जोडलेल्या असतात. घट्ट थरात रक्तवाहिन्यांच्या वाटा आडव्या कापात ठिपक्यांसारख्या दिसतात, तर लांबीच्या बाजूनं बारीक रेघांसारख्या. काळ्या फत्तरातली भोकं निराळी असतात. ती लाव्हारसातल्या वायूचे बुडबुडे, म्हणजे बहुतेक सुटी, गोल किंवा लांबट. अनेकदा पांढऱ्या झिओलाइटनं किंवा हिरवट खनिजानं भरलेली. बाहेर घट्ट आणि आत जाळीदार असा फरक त्या दगडात नसतो. कंकर तोडला तर आत एकसारखा पिठूळ चुना आणि मातीचे कण दिसतात, जाळी नाही. अश्मीभूत लाकूडही हाडासारखं भासतं, पण त्यात सरळ रेषा आणि कधी वाढीची वर्तुळं दिसतात.

अ‍ॅसिडचा थेंब टाकून बघावं, असंही कुणी सुचवतं. कंकर फसफसतो, खरं आहे. पण कॅल्साइट भरलेलं हाडही फसफसतं. मुख्य तुकड्यावर हा प्रयोग नकोच.

‘जाळून वास आला नाही तर जीवाश्म.’ ताज्या हाडातल्या प्रथिनामुळे केस जळल्यासारखा वास येतो. म्हणजे वास आला तर हाड अलीकडचं, इतकंच कळतं. वास न येणारी वस्तू साधा दगड असू शकते, किंवा चुलीत आधीच जळलेलं बकऱ्याचं हाडही. वर नमुना तडकतो तो वेगळाच.

‘गोल म्हणजे अंडं.’ दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे तोच काळा फत्तर, झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मधे गोल गोटा उरतो. रस्त्याच्या कटिंगमध्ये असे शेकडो दिसतील. मध्य आणि पश्चिम भारतातल्या लॅमेटा थरांत (डायनासोरांच्या काळातल्या गाळाच्या खडकांत) मिळणारी सॉरोपॉडची, म्हणजे लांब मानेच्या डायनासोरांची, अंडी साधारण 12 ते 20 सेंटिमीटर व्यासाची असतात. त्यांचं कवच काही मिलिमीटरचं, बाहेरून बारीक दाणेदार. गोट्याचे पापुद्रे एकाखाली एक निघतात आणि आत पुन्हा तोच फत्तर.

दगड कुठला हेही आधी बघा. थिजलेल्या लाव्हाच्या कातळात हाड मिळण्याची आशा जवळपास सोडून द्यावी. लॅमेटाचे थर, लाव्हाच्या दोन थरांमधला गाळ, आणि गोदावरी-मांजरासारख्या नद्यांच्या काठचा जुना वाळू-गोट्यांचा थर या खऱ्या जागा. नदीकाठच्या थरात हत्ती आणि रानबैलांची हाडं मिळालेली आहेत.

जाळी दिसली तर तुकडा उपटू नका. ओढताना सांध्याचं टोक तुटतं आणि ओळख त्याच टोकावर ठरते. शेजारी दहाचं नाणं (27 मिलिमीटर) ठेवून फोटो काढा: एक लांबून, थरासकट, एक जवळून, एक तुटलेल्या टोकाचा. जागेचं लोकेशन जोडून ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाकडे किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे पाठवा.