संध्याकाळच्या विजेचा हिशेब : ‘लष्करचा ग्राहक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘लष्करचा ग्राहक’ (लष्कर म्हणजे आपल्या ग्वाल्हेरचा भाग) एवढ्याच नावाने आलेली तुमची प्रतिक्रिया काल रात्री दोनदा वाचली. विजेच्या पुढच्या दशकावर मी लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. देशाची निम्मी वीज कोळशाविना होते असं मी लिहिलं, ते खोटं आहे. सौरवीज इतकी स्वस्त, तर बिल दरवर्षी का चढतं, याचं उत्तर मी टाळलं. आणि ज्याला मी वीजबाजार म्हणतो तो निव्वळ सट्टा आहे. वर तुम्ही विचारलंत, गच्चीवर पॅनल बसवायचे की थांबायचं?

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. जून २०२५ मध्ये निम्म्यावर गेली ती कोळसा-गॅसविना चालणाऱ्या केंद्रांची स्थापित क्षमता, म्हणजे पूर्ण जोरावर ती किती वीज देऊ शकतात तो आकडा; त्यात सूर्य, वारा, पाणी, अणू सगळं आलं. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. सौर प्रकल्प वर्षभराच्या सरासरीत क्षमतेच्या पाव हिश्शाएवढीही वीज जेमतेम देतो, कारण रात्र असते, ढग असतात. प्रत्यक्ष युनिटांमध्ये कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. मी दोन गोष्टींची गल्लत केली. ते वाक्य आज दुरुस्त केलं आहे आणि खाली तुमच्या आक्षेपाचा उल्लेखही जोडला आहे.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र मी मागे हटणार नाही. आधी थोडं मागचं सांगतो.

२००२-०३ च्या सुमारास मी ग्वाल्हेरजवळच्या एका सबस्टेशनवर शिफ्ट ड्यूटी करत होतो. कंट्रोल रूममध्ये टेबलासमोरच फ्रिक्वेन्सी मीटर होता. ग्रिडची, म्हणजे वीज वाहणाऱ्या तारांच्या जाळ्याची, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ हवी; मागणी पुरवठ्याहून वाढली की ती उतरते. दुपारी काटा जरा बरा असायचा. दिवे लागायची वेळ झाली की तो खाली सरकू लागे, ४९, मग ४८.७, आणि पंख्याचा आवाज बदललेला कानालाच कळायचा. मग लोड डिस्पॅचचा, म्हणजे ग्रिडचा तोल सांभाळणाऱ्या केंद्राचा फोन : इतके मेगावॉट उतरवा. मी लॉगशीटवर वेळ लिहायचो आणि फीडर, म्हणजे एकेका वस्तीची लाईन, बंद पाडायचो. खिडकीतून वस्ती दिसायची. हँडल फिरवलं की एक अख्खा पट्टा काळा व्हायचा, कुठे मुलं अभ्यासाला बसलेली, कुठे स्वयंपाक चाललेला. २००३ मध्ये आपल्या मध्य प्रदेशची निवडणूक बिजली, सड़क, पानी यावर लढली गेली, ती उगाच नव्हे. म्हणून विजेचं भविष्य म्हटलं की मी पहिल्यांदा संध्याकाळी साडेसातचा विचार करतो.

आज ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायची असते आणि बहुतेक वेळ ती तिथेच असते. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॉटवर गेली आणि ती पुरवली गेली. दुपारी वीज उतू जाते. पेच आहे तो ऊन उतरल्यानंतरच्या चार-पाच तासांचा.

आता तुमचं बिल. वितरण कंपनी बहुतेक वीज बाजारातून घेत नाही, वीस-पंचवीस वर्षांच्या करारांनी घेते. कोळशाच्या केंद्राशी केलेल्या करारात दोन आकार असतात : एक उचललेल्या युनिटांचा, दुसरा स्थिर. केंद्र तयार असेल आणि तुम्ही वीज उचलली नाही, तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. दुपारी स्वस्त सौरवीज आली म्हणून सिंगरौलीकडच्या कोळसा केंद्राचा बॉयलर विझवता येत नाही, कारण संध्याकाळी तोच लागणार असतो. कोळशाचं मोठं जनित्र क्षमतेच्या साधारण ५५ टक्क्यांच्या खाली उतरवलं की त्याला त्रास होतो, आणि पूर्ण बंद केलं तर पुन्हा पेटवायला बरेच तास जातात. म्हणजे ग्राहक दुपारच्या सौरवीजेचे पैसे देतो आणि संध्याकाळसाठी उभ्या ठेवलेल्या कोळशाचेही. त्यावर लाईनचा खर्च, गळती, चोरी. सौरवीज स्वस्त झाली हे खरं, आणि तुमचं बिल उतरलं नाही हेही खरं. संध्याकाळ स्वस्त होईपर्यंत ते उतरणं कठीण आहे.

म्हणून मला मुरैन्याची बातमी इतकी मोलाची वाटली. २०१७ मध्ये रीवाच्या ७५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी पहिल्या वर्षाचा भाव युनिटमागे २ रुपये ९७ पैसे आला, तेव्हा सगळा देश चकित झाला होता. पण तो भाव उन्हाचा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या मुरैन्यात सौर अधिक बॅटरी अशा प्रकल्पाच्या लिलावात २ रुपये ७० पैसे भाव निघाला, आणि त्यात सकाळ-संध्याकाळच्या जास्त मागणीच्या तासांची वीज आहे. हा दिवेलागणीचाही भाव आहे. लिलावातला भाव आणि तारेतून आलेली वीज यांत अंतर असतं, हे तुम्ही म्हणाल आणि बरोबरच म्हणाल. तरी दिशा कळते. गांधीसागर धरणापाशी पाणी वर चढवून साठवण्याचा १,४४० मेगावॉटचा प्रकल्प आहे, त्याचं कामही हेच.

बाजार म्हणजे सट्टा, या शब्दाने मला खरंच वाईट वाटलं. विजेच्या खरेदी-विक्रीचं एक्स्चेंज २००८ पासून आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात आणि प्रत्येक भागाचा युनिटमागे वेगळा भाव निघतो. भाजीमंडईत संध्याकाळी उरलेला माल स्वस्त होतो, विजेचं नेमकं उलट. मे २०२५ मधल्या एका रविवारी भरदिवसा तात्काळ बाजारातला भाव जवळजवळ शून्यावर आला. उलट कडक उन्हाळ्यात दिवस मावळल्यावर तोच भाव १० रुपयांच्या कमाल मर्यादेला भिडतो. ही मर्यादाही आपोआप आलेली नाही. मार्च २०२२ मध्ये भाव २० रुपयांपर्यंत चढले, तेव्हा नियामक आयोगाने ती १२ वर आणि पुढच्या वर्षी १० वर आणली. नफेखोरीची भीती रास्त आहे, पण आयोग झोपलेला नव्हता. आणि संध्याकाळचा तुटवडा आकड्यात दाखवणारी दुसरी जागा आपल्याकडे नाही. तो आकडा दिसतो म्हणून बॅटरीत पैसा घालायला माणूस पुढे येतो.

मला स्वतःला जास्त काळजी लाईनची वाटते. ३० जुलै २०१२ ला पहाटे अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची (चार लाख व्होल्टची) लाईन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप तुटली, आणि सगळा उत्तर भारत अंधारात गेला. तिच्या जोडीची दुसरी लाईन ७६५ केव्हीच्या कामासाठी बंद होती. उरलेल्या लाईनवर इतका भार आला की रिलेला, म्हणजे बिघाड दिसताच लाईन तोडणाऱ्या यंत्राला, तो बिघाडच वाटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि तीन ग्रिड कोसळले. आपल्या गावाचं नाव असं नोंदलं गेलं, ते मला अजून टोचतं. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईनने दक्षिण जोडली गेली आणि देशाचा एक ग्रिड झाला. पण २०२५ मध्येही राजस्थानातली तयार सौरवीज लाईन अपुरी म्हणून सोडून द्यावी लागली. उत्पादनाच्या घोषणा होतात, मनोऱ्यांच्या होत नाहीत.

राहिला गच्चीचा प्रश्न. बसवा. तीन किलोवॉटला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान आहे. माझ्या गच्चीवरही तीन किलोवॉटचेच पॅनल आहेत. मे महिन्यात दुपारी एक वाजता नेट मीटरवर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरवर) बाण बाहेरच्या दिशेला असतो, साडेसातला कूलर, पंखे, फ्रिज सगळं ग्रिडवर. तेव्हा टाकीचा पंप, इस्त्री, वॉशिंग मशीन दुपारीच उरका. स्मार्ट मीटर बसला की उन्हाच्या तासांचा दर कमी आणि संध्याकाळचा जास्त, अशी केंद्राच्या २०२३ च्या नियमांची दिशा आहे, तेव्हा ही सवय उपयोगी पडेल. आणि आंधी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी पॅनल धुवा, पण सकाळी, ऊन चढायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.