डिस्चार्ज बुकात मेडल नाही? तो व्हायरल मेसेज आणि खरं काय ते

माजी सैनिकांच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना हातात मिळतं ते सेवेच्या नोंदीचं पुस्तक) जे मेडल लिहिलेलं नाही ते तुम्हाला मिळालेलंच नाही, पण काळजी नको, स्टॅम्पपेपरवर अॅफिडेव्हिट करून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दिलं की तिथे नाव चढवून देतात, शौर्यपदकाचंसुद्धा, मग मेडलमागे दर महिन्याला पैसे वाढतात, फक्त घाई करा कारण पंचवीस वर्षांनी सगळं रेकॉर्ड जाळतात. खाली नेहमीचं, जास्तीत जास्त बांधवांपर्यंत पोहोचवा.

मी फौजेत क्लार्क होतो, पार्ट टू ऑर्डरी, म्हणजे जवानाच्या सेवेतल्या नोंदींसाठी युनिट काढतं ते आदेश, टाईप करण्यातच सगळी नोकरी सरली, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. मेसेजमध्ये सगळंच खोटं असतं तर बरं झालं असतं, पण यात थोडं खरं मिसळलंय आणि म्हणूनच लोक फसतायत.

पहिला मुद्दा, बुकात नाही म्हणजे मिळालंच नाही. अहो डिस्चार्ज बुक म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला समजा, दाखल्यावर काही राहून गेलं तरी शाळेचं जनरल रजिस्टर असतंच ना, तसं इथे मूळ म्हणजे तुमचा शीट रोल, रेकॉर्ड ऑफिसात ठेवलेली तुमच्या सेवेची मूळ नोंद, आणि शीट रोलमध्ये जे चढतं ते युनिटनं काढलेल्या पार्ट टू ऑर्डरवरून चढतं. बुकात राहण्याची कारणं बहुतेक वेळा अगदी साधी असतात. एक म्हणजे मोहिमेचं मेडल मोहीम संपल्यावर जाहीर होतं, निकष ठरतात, मग युनिटं याद्या करतात, तोवर जवान पेन्शनीवर गेलेला असतो आणि त्याचं बुक आधीच भरून हातात दिलेलं असतं. दुसरं, अटॅचमेंट. माणूस नावाला एका युनिटचा आणि लढाईच्या वेळी दुसऱ्याच युनिटबरोबर, मग हे म्हणतात त्यांनी ऑर्डर काढली असेल, ते म्हणतात यांनी काढली असेल, आणि मधल्या मधे गड्याचं नाव राहतं. तिसरं, नंबर. आर्मी नंबरच्या शेवटी एक अक्षर असतं ते चुकलं किंवा नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं पडलं, की कागद दुसऱ्याच्या फाईलला किंवा कुणाच्याच फाईलला नाही. आपल्याकडच्या दत्तात्रय, ज्ञानेश्वर, विठ्ठल या नावांचे मी किती प्रकार बघितलेत ते विचारू नका.

आणि गंमत अशी की पुष्कळांना आपण कशाला पात्र होतो हेच माहीत नसतं. लोकांना वाटतं ७१ च्या युद्धाचं मेडल म्हणजे फक्त लढलेल्यांचं. लढाईच्या क्षेत्रात होते त्यांना पूर्वेकडे पूर्वी स्टार आणि पश्चिमेकडे पश्चिमी स्टार, हे बरोबर, पण संग्राम मेडल ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात मोहिमेच्या ठरलेल्या राज्यांत जे सेवेत होते त्यांच्यासाठी होतं, मग तुम्ही तिथे स्टोअर सांभाळत असा नाहीतर कुकहाऊसमध्ये असा. तसंच १५ ऑगस्ट १९७२ ला जो सेवेत होता त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल, आणि १५ ऑगस्ट १९९७ ला होता त्याला पन्नासाव्या वर्षाचं. म्हणजे ऑक्टोबर १९७२ ला घरी आलेल्या जवानाला, गोळी न झाडलेल्या जवानालासुद्धा, त्या भागात सेवा झाली असेल तर संग्राम आणि पंचविसाव्या वर्षाचं ही दोन बसतात, आणि अशांच्या बुकात कधी एक असतं कधी एकही नसतं. ६५ च्या युद्धाचं पण असंच, समर सेवा स्टार क्षेत्रात असलेल्यांना, आणि रक्षा मेडल ५ ऑगस्ट १९६५ ला ज्यांची १८० दिवस नोकरी झालेली होती त्यांना. कारगिलला ऑपरेशन विजय स्टार वेगळा आणि ऑपरेशन विजय मेडल वेगळं, द्रास, कारगिल, बटालिकच्या पट्ट्यात प्रत्यक्ष होते त्यांचा स्टार, बाकी तैनातीवाल्यांचं मेडल, आणि इथे लोक सर्रास एकाच्या जागी दुसरं मागतात मग अर्ज परत येतो. शिवाय ९ वर्षं आणि २० वर्षं सेवेची मेडलं, श्रीलंकेत ऑपरेशन पवनला गेले त्यांचं स्पेशल सर्व्हिस मेडल श्रीलंका पट्टीसह, सियाचिनवाल्यांचं वेगळं. तेव्हा अर्ज करायच्या आधी आपल्या पोस्टिंगच्या तारखा एका कागदावर उतरवा आणि कुठलं मेडल कुठल्या तारखेला लागू होतं ते जुळवा, निम्मं काम तिथंच होतं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं सांगायचं तर ते तुमचा अर्ज पुढे पाठवतात, मार्गदर्शन करतात, कव्हरिंग लेटर देतात, चांगली गोष्ट आहे, पण रेकॉर्डमध्ये शाईचा एक ठिपका घालायचा त्यांना अधिकार नाही. तो रेकॉर्ड ऑफिसचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. नेव्हीच्या सेलर लोकांचं मुंबईत मानखुर्दला आणि एअरफोर्सचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. तुमचा कागद शेवटी तिथंच जाणार आहे, तर एक प्रत सरळ तिथंच रजिस्टर पोस्टानं टाका ना.

आता पैसे. या मुद्द्यावर मेसेज सगळ्यात जास्त फॉरवर्ड झालाय हे उघड आहे. दरमहा भत्ता मिळतो तो शौर्यपदकांना, २०१७ साली दर दुप्पट झाले तेव्हा परमवीर चक्राला २०,०००, महावीर चक्राला १०,०००, वीर चक्राला ७,०००, आणि सेना मेडलला २,०००, तेही शौर्यासाठी दिलेल्या सेना मेडललाच, विशिष्ट सेवेसाठी दिलेल्या सेना मेडलला नाही. राज्य सरकारही शौर्यपदकवाल्यांना वेगळी रक्कम देतं. संग्राम मेडल, रक्षा मेडल, ऑपरेशन विजय, स्वातंत्र्यवर्षाची मेडलं, ९ वर्षं २० वर्षं सेवेची, यांना एक रुपया नाही. नाही म्हणजे नाही. आणि म्हणून ती मागायची नाहीत असं माझं म्हणणं अजिबात नाही, माणूस बर्फात राहिला ते कागदावर असलं पाहिजे हा त्याचा हक्क आहे, पण पेन्शन वाढेल या आशेनं म्हाताऱ्या माणसाला तालुक्याला खेटे घालायला लावणं हे पाप आहे.

अॅफिडेव्हिट. यावर जरा थांबतो कारण घोटाळ्याचं मूळ इथं आहे. अॅफिडेव्हिटनं नोंद तयार होत नाही. नोंद त्या काळच्या कागदानं तयार होते, ऑर्डर, युनिटची नॉमिनल रोल म्हणजे नावांची यादी, मूव्हमेंटचा कागद, हॉस्पिटलचा कागद असं काहीतरी. तुम्ही शपथेवर सांगितलंत की मी कारगिलच्या वेळी तुर्तुकच्या पट्ट्यात होतो, ठीक आहे, रेकॉर्डवाले तुमच्यावर अविश्वास दाखवत नाहीत पण ते तुमच्या शब्दावर पार्ट टू ऑर्डर काढू शकत नाहीत, त्यांना तुमचं त्या तारखेचं युनिट आणि त्या युनिटची जागा हे दोन्ही कागदावर जुळावं लागतं. म्हणून अर्जात रामायण लिहू नका. नंबर, रँक, नाव जसं बुकात आहे तसंच स्पेलिंग, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, त्या काळातलं युनिट आणि कंपनी किंवा बॅटरी, अटॅच असाल तर कुणाबरोबर आणि कुठून कुठपर्यंत, आणि नेमकं कुठलं मेडल. बस. बरोबर बुकाची झेरॉक्स.

मेडल हातात आहे पण बुकात नोंद नाही अशांसाठी एक गोष्ट, मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं, भिंगातून बघा, तो फोटो अर्जाला जोडा. बाजारातून आणलेल्या मेडलची कड कोरी असते, आणि कॅन्टीनच्या बाहेरच्या दुकानातून पूर्ण रांग विकत आणून कोटाला लावली की झालं असं सांगणारेही आहेत, त्यांना काय बोलणार.

शौर्यपदक अॅफिडेव्हिटवर चढवतात हे मात्र निव्वळ खोटं. शौर्यपदकाला त्या वेळच्या कमांडरची शिफारस लागते, ती वरपर्यंत जाते, राष्ट्रपतींच्या मंजुरीनं २६ जानेवारीला नाहीतर १५ ऑगस्टला जाहीर होतं आणि भारताच्या राजपत्रात छापून येतं. राजपत्रात नाव आहे आणि बुकात किंवा पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) नाही, तर ती चूक आहे आणि दुरुस्त होते, भत्ता चालू नसेल तर सुधारित पीपीओ निघतो. राजपत्रातच नाव नाही तर ती रेकॉर्डची चूक नव्हे, तो शिफारशीचा प्रश्न आहे आणि तो रेकॉर्ड ऑफिसचा बाबू सोडवू शकत नाही. लढाईच्या लेखी वृत्तांतावरून वाद झालेत हे खरं, बटालिकला ब्रिगेड कमांडर असलेले ब्रिगेडियर देविंदर सिंग सशस्त्र सेना न्यायाधिकरणात गेले आणि २०१० साली न्यायाधिकरणानं वृत्तांतात त्यांची कामगिरी कमी लेखल्याचं मान्य करून दुरुस्तीचा आदेश दिला. पण तो ब्रिगेडियर, कागद हातात असलेला, कायद्याची लढाई लढलेला. स्टॅम्पपेपरवर झालेलं काम नव्हे ते.

राहिलं पंचवीस वर्षांचं. हे अर्धं खरं आहे. १९८७ च्या आर्मी रेग्युलेशनमध्ये पॅरा ५९५ आहे आणि त्याच्या आधारानं पेन्शन नसलेल्या माणसाचे कागद पंचवीस वर्षांनंतर नष्ट करतात. जाळतात की फाडतात हा मुद्दा सोडा. पण ज्याला पेन्शन आहे त्याला हा पंचवीस वर्षांचा हिशोब लागू नाही, आणि ज्याचे कागद गेले त्याचीही लाँग रोलमधली, म्हणजे सगळ्यांच्या नावांच्या कायमच्या रजिस्टरमधली, नोंद उरते, त्रोटक असते पण असते. पेन्शन नसलेला, पाच-सात वर्षांत घरी आलेला ७१ चा जवान, याचं काम खरंच अवघड आहे, त्याला खोटी आशा दाखवू नये, पण प्रयत्न न करताच जाळलं म्हणून बसवूही नये. माहिती अधिकारात स्वतःच्या नावानं अर्ज टाका, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, माझ्या शीट रोलमधल्या आणि लाँग रोलमधल्या मेडलच्या नोंदींची प्रत द्या एवढंच मागा, तीस दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत. वडील गेले असतील तर आईच्या नावानं टाका आणि नात्याचा कागद जोडा. नष्ट केलं असेल तर तसं लेखी मिळेल, आणि पुढे न्यायाधिकरणात जायचं झालं तर ते लेखी उत्तरच उपयोगी पडतं. महाराष्ट्रासाठी बेंच मुंबईला आहे. आधी रेकॉर्डकडे रीतसर अर्ज केल्याशिवाय तिथे जाऊ नका, पहिला प्रश्न तोच विचारतात.

हरवलेलं मेडल परत हवं असणं ही वेगळी फाईल आहे, ती या अर्जात घुसडू नका, दोन्ही अडकतात.

मेसेजच्या शेवटी एक मोबाईल नंबर आहे, काम करून देतो म्हणणाऱ्याचा. वरच्या कुठल्याही पायरीला एजंट लागत नाही. त्याला ओरिजिनल डिस्चार्ज बुक तर अजिबात देऊ नका, रेकॉर्ड ऑफिसलासुद्धा ते लेखी मागत नाहीत तोवर झेरॉक्सच पाठवा, आणि मागितलंच तर आधी पानन् पान स्कॅन करून मग रजिस्टर पोस्टानं.