मधल्या एका वर्षाबद्दलही लिहा
‘एमबीबीएसची परीक्षा पास झाली की डॉक्टर’ असं तुमच्या लेखात एका ओळीत उरकलंय, ते मनाला लागलं. साडेचार वर्षांनी शेवटची परीक्षा पास होते तेव्हा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून मिळते ती तात्पुरती नोंदणी. तिच्यावर फक्त इंटर्नशिप करता येते, स्वतःचा दवाखाना टाकता येत नाही. मग १२ महिने कॅज्युअल्टी, प्रसूती विभाग, आरोग्य केंद्र असं फिरायचं. माझ्या मुलीचं वर्ष संपलं तरी लॉगबुकात (केलेल्या कामाच्या नोंदवहीत) एका विभागाची सही राहिली होती. तीन दिवस ती त्या विभागाच्या दाराशी उभी! सहीशिवाय इंटर्नशिपचा दाखला नाही, दाखल्याशिवाय कायम नोंदणी नाही. (कायम म्हणतात, पण दर ५ वर्षांनी नूतनीकरण असतंच.) शेवटी नोंदणीचा नंबर आला, तो तिने सगळ्यांत आधी आजीला वाचून दाखवला.