आक्का ‘मी येतो’ म्हणते, म्हणून राज्य मोडायचं?

नागपूरहून भाचीनं एक फॉरवर्ड पाठवलाय. खाली लिहिलंय, ‘मावशी, खरं आहे का गं हे? आईला दाखवू नकोस.’ आई म्हणजे माझी आक्का. कोल्हापुरात वाढली, नागपुरात दिली.

फॉरवर्डचं म्हणणं असं: कोल्हापूरकर आणि वैदर्भीय ही मुळात एक माणसंच नव्हेत. कोल्हापूरची बोली म्हणजे बिघडलेलं कानडी, ‘तिथल्या बायकांना स्त्रीलिंगसुद्धा येत नाही’. लोक तिखट खाऊन भांडखोर झालेत. मुख्यमंत्री सगळे पश्चिम महाराष्ट्राचे. म्हणून विदर्भ वेगळा करा. शेवटी नेहमीचं ‘दहा जणांना पाठवा’.

विदर्भ वेगळा व्हावा की नाही, हा माझा विषय नाही. हे ‘म्हणून’ डोक्यात गेलंय.

स्त्रीलिंगाचं आधी. हो, कोल्हापुरात बायका ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. आजी म्हणायची, आई म्हणते. मी ऑफिसात दिवसभर ‘येते-जाते’ करते आणि घरचा उंबरा ओलांडला की ‘आलो गं’. कानडीत ‘मी’च्या क्रियापदाला लिंग नसतं, तेव्हा हे तिकडूनच आलं असेल. असू दे की! पण स्त्रीलिंग येत नाही? ‘म्हस व्याली’ म्हणताना आक्का कधी चुकल्याचं मला तरी आठवत नाही.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती शेजारणीला ‘मी येतो हं’ म्हणाली आणि अख्खा जिना हसला. त्यानंतर तिनं एक युक्ती काढली. ‘मी जाते’ही नाही, ‘मी जातो’ही नाही. ‘जायचंय’, ‘निघायला पाहिजे’, ‘मला जमणार नाही’. स्वतःबद्दल बोलताना लिंगच लागू नये अशी वाक्यं. बाजारात ती अजून तसंच बोलते. मला फोन केला की मात्र ‘ठेवतो गं’. भाचीला यातलं काही माहीत नसणार.

आणि आमचे भाऊजी? ते ‘जेवण करून राहिलो’ म्हणतात. ती हिंदीची सावली. ऐकायला गोड लागते, माझी तक्रार नाही. पण शेजारच्या भाषेचा रंग लागला की मराठीपण संपत असेल, तर पहिल्यांदा भाऊजींनाच बाहेर काढावं लागेल. तूप, अण्णा, आक्का हे शब्दसुद्धा कानडीकडूनच आलेत. नागपुरात वरणभातावर तूप घेत नाहीत काय?

फॉरवर्डवाल्यानं १९५५च्या फाजल अली आयोगाचाही, म्हणजे राज्य पुनर्रचना आयोगाचाही, दाखला दिलाय. आयोगानं वेगळा विदर्भ सुचवला होता, खरं आहे. पण कुठले जिल्हे घेऊन? बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा (आताचं चंद्रपूर). मध्य प्रदेशातले हे आठ जिल्हे वेगळे काढले ते मराठी भाषक म्हणूनच. पुढचा विचार महसुलाचा आणि नागपूर मागं पडेल या भीतीचा होता. कोण कसं बोलतं, काय खातं, हे तिथं कुठं आलं? ज्या अहवालाच्या जिवावर उड्या मारताय, त्यानंच तुमचा पहिला मुद्दा बाद केलाय.

तिखटाचं काय बोलायचं! आमचा पांढरा रस्सा लहान पोरं वाटीनं पितात. भाऊजींनी आमच्या अण्णांना सावजी मटण खायला नेलं होतं, तेव्हा अण्णांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. भांडण मात्र कुणाशी केलं नाही.

मुख्यमंत्री? कन्नमवार चंद्रपूरचे, वसंतराव नाईक पुसदचे, १९६३ ते ७५ सलग. सुधाकरराव नाईक, फडणवीस विदर्भाचेच. कोल्हापूरला ते पद एकदाही मिळालेलं नाही. हायकोर्टाचं म्हणाल तर नागपूरला खंडपीठ कधीपासून आहे. आमच्याकडं सर्किट बेंच सुरू झालं ऑगस्ट २०२५मध्ये. तोवर तारखेला मुंबईच.

एक गोष्ट मात्र गिळावी लागते. अनुशेष, म्हणजे विकासात मागं राहिलेली बाकी, खरा आहे. १९८४मध्ये दांडेकर समितीनं तो खात्यावार, कोटींच्या आकड्यांत मांडला. १९५३च्या नागपूर करारात विदर्भाला सोबत घेताना शब्द काय दिला आणि पाटाचं पाणी कुठं किती गेलं, यावर कुणी भांडायला आलं तर आम्हा ऊसवाल्यांना खाली मान घालून ऐकावं लागेल. पण फॉरवर्डमध्ये त्याचा एक आकडा नाही! सगळा जोर बायकांच्या क्रियापदांवर.

भाचीला हे सगळं पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘आईला दाखव.’

रात्री आक्काचा मेसेज आला. ‘वाचलो गं. दिवाळीला येतो.’