दिव्यांग प्रमाणपत्रासाठी गोळ्या थांबवू नका

‘दिव्यांग प्रमाणपत्र हमखास मिळवण्याच्या युक्त्या’ सांगणारा एक संदेश सध्या घरोघरी फिरतो आहे. तो माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि स्किझोफ्रेनियावर उपचार घेणाऱ्या मुलाच्या गोळ्या तपासणीआधी किती दिवस थांबवायच्या, असे तिने मला विचारले. त्यामुळे गप्प बसणे शक्य नाही.

संदेश म्हणतो, आठवडाभर औषध बंद ठेवा, म्हणजे आजार ठळक दिसेल. हा सल्ला घातक आहे आणि निरुपयोगीही. मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०१८ साली अधिसूचित केली आणि २०२४ साली सुधारली. त्यांनुसार मानसिक आजारासाठी ‘आयडियाज’ ही मापनश्रेणी वापरतात. स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण असतात, त्यांत आजाराच्या कालावधीचे गुण मिळवतात आणि एकूण २० पैकी ७ गुणांपासून ४० टक्के दिव्यांगत्वाची पायरी सुरू होते. अंघोळीची आठवण करून द्यावी लागते का, हाती घेतलेले काम पुरे होते का, हे घरच्यांना विचारून आणि उपचारांचे कागद पाहून ठरवतात. त्या दिवशी मुलगा किती बेचैन दिसला, यावर ते अवलंबून नसते. औषध तोडल्याने आजार उलटला, तर निस्तरायचे कुणी? संदेश पाठवणारे नक्कीच येणार नाहीत. चष्मा काढून जाण्याची युक्तीही अशीच फुकट आहे, कारण दृष्टी मोजतात ती योग्य चष्मा लावूनच.

‘मधुमेह आणि रक्तदाब असला की झाले’ हेही खोटे आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या अनुसूचीतील २१ प्रकारांत हे दोन्ही नाहीत. मधुमेहामुळे पाय कापावा लागला किंवा दृष्टी गेली, तर ती हानी मोजली जाते, एवढे अर्धसत्य मान्य करावे लागेल.

दोन दिव्यांगत्वांच्या टक्क्यांची सरळ बेरीजही होत नाही. ९० मधून मोठा आकडा वजा करून त्याने लहान आकड्याला गुणायचे, ९० ने भागायचे आणि उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचे, असे सूत्र आहे. म्हणून २० आणि २० मिळून ४० न होता सुमारे ३५.६ होतात.

‘प्रमाणपत्र हाती पडले की पेन्शन सुरू’ म्हणणाऱ्याने योजना वाचलेलीच नाही. इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाला ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब या अटी आहेत, तर संजय गांधी निराधार योजनेला उत्पन्नाची मर्यादा आहे.

टक्के कमी आले तर एजंट गाठा, हा शेवटचा सल्ला. एजंटची गरज नाही, याच कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येते. लबाडीने लाभ घेतल्यास किंवा तसा प्रयत्न केल्यास कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, याचा मात्र संदेशात उल्लेख नाही.