बंपर बदलला, नंबर प्लेटचं काय?

जुन्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवा म्हणून २०२५ सालभर आपल्यामागे केवढं टुमणं लागलं होतं, आठवतंय ना? आधी ३१ मार्चची मुदत, मग एप्रिल, जून, १५ ऑगस्ट, नोव्हेंबर करत करत गाडी ३१ डिसेंबरला पोचली. एवढ्या गदारोळात बसवलेली प्लेट कधी काढावी लागली तर काय करायचं, यावर मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. आणि ती काढावी लागते हो. गाड्या ठोकल्या जातात, बंपर बदलावे लागतात.

आमची गाडी २०१६ ची, म्हणजे १ एप्रिल २०१९ च्या आधीची, त्यामुळे रीतसर ऑनलाइन पैसे भरून, अपॉइंटमेंट घेऊन प्लेटा बसवून घेतल्या होत्या. काही महिन्यांत सोसायटीच्या गेटात एका टेम्पोवाल्याने रिव्हर्स घेताना पुढच्या बंपरची वाट लावली. गंमत म्हणजे प्लेटला खरचटलंसुद्धा नाही. बंपर मात्र मधोमध फाटला. नुसता रंग मारायचा असता तर पेंटरने प्लेटवर मास्किंग टेप आणि वर्तमानपत्र चिकटवून भागवलं असतं. इथे बंपरच नवा, म्हणजे प्लेट जुन्यावरून काढून नव्यावर जायला हवी.

आता या प्लेटला स्क्रू नसतात. तिला स्नॅप लॉक असतं. एकदा दाबून बसवलं की उघडत नाही, आणि तोडलं तर परत वापरता येत नाही. ते तसंच बनवलंय. गॅरेजवाल्याने लॉकच्या डोक्यावर पंच ठेवून हातोडीची एक टिचकी मारली, खळगा पडला. मग बारीक बिट, मग जाड. चुरा खाली सांडला आणि लॉकचं डोकं टक्कन उडालं. शेवटच्या क्षणी बिट जरा घसरला आणि भोकाच्या कडेला पांढऱ्या फिल्मवर चरा उठला. बाजूच्या ट्रेमध्ये असली तुटकी लॉकं मूठभर पडलेली होती.

"साहेब, आता स्क्रू मारून देतो."

"चालतं का?"

"चालतं का म्हणजे? सगळ्यांना तसंच देतो."

हे 'सगळ्यांना तसंच देतो' ऐकलं आणि ही पोस्ट लिहायचं ठरवलं.

त्याचा काय दोष? त्याला नवं लॉक मिळतच नाही. मी जिथून प्लेट बसवली होती तिथे विचारलं. उत्तर आलं, लॉक सुटं देत नाही, नवीन ऑर्डर टाका. चारचाकीचा दर ७४५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८७९. शिवाय केंद्राच्या २००१ च्या आदेशात असं आहे की जुनी प्लेट जमा करून नष्ट केल्याशिवाय बदली प्लेट द्यायची नाही. अट योग्यच आहे, नाहीतर एकाच नंबरच्या दोन जोड्या बाजारात फिरतील. पण इथे होतंय काय, तर होलोग्राम शाबूत, प्लेटचा स्वतःचा लेझरने कोरलेला नंबर शाबूत, अशी धडधाकट प्लेट भंगारात घालायची. कारण काय, तर लॉक नाही.

मी एचएसआरपीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये दोन्ही बाजूंचे लोक तुटून पडतील. २०२१ चं अँटिलिया प्रकरण आठवा. फेब्रुवारीत मुंबईत मुकेश अंबानींच्या घराजवळ, कारमायकल रोडवर स्फोटकांची स्कॉर्पिओ सापडली. तिच्यावर खोटा नंबर आणि आत आणखी नंबर प्लेटा. पुढच्या महिन्यात पाणबुड्यांनी मिठी नदीतून जे बाहेर काढलं त्यात एकाच नंबरच्या दोन प्लेटा होत्या. म्हणजे नंबर बदलणं हा गुन्हेगारांच्या डाव्या हातचा मळ. त्याला आळा घालायला काहीतरी हवंच. आणि ८०५५ चं 'बॉस' आणि २१४ चं 'राम' करणारे कलाकार या निमित्ताने थोडे थंडावले, तोही फायदाच म्हणायचा.

पण लॉक चोराला अडवतं, हा भ्रम सोडा. जे ड्रिल गॅरेजवाल्याकडे आहे ते चोराकडेही आहे. लॉकचं काम वीजमीटरच्या सीलचं आहे. सील तोडता येतं, पण तोडलेलं दिसतं. नाक्यावरच्या पोलिसाने प्लेटवर स्क्रू पाहिला की त्याला शंका यावी, कागद तपासावेत, हे त्यामागचं गणित. आता महाराष्ट्रात दोन कोटींच्या आसपास जुन्या गाड्या. त्यातल्या कितींचे बंपर दरवर्षी फुटत असतील, तुम्हीच अंदाज करा. त्या सगळ्या सरळमार्गी गाड्या स्क्रू मारून फिरायला लागल्या, तर पोलिसाने शंका घ्यायची कुणावर? चोराची गाडी त्या गर्दीत आपोआप मिसळून गेली.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. तिथे गाडी विकताना मालक स्वतः स्क्रू ड्रायव्हरने प्लेटा काढतो आणि नव्या गाडीवर लावून घेतो, नाहीतर तिथल्या वाहन खात्याकडे परत करतो. आपल्याकडे नंबर गाडीबरोबर जातो, त्यामुळे ती पद्धत इथे चालणार नाही. पण तिथे प्लेट काढायची वेळ येणार हे धरून नियम केलेत. आपण प्लेट जन्मभर हलणारच नाही असं धरून केलेत.

प्लेटांबरोबर पुढच्या काचेवर लावायला गाडीच्या नंबरचा जो स्टिकर मिळतो, त्याचंही तेच. पेट्रोल-सीएनजीला निळसर, डिझेलला केशरी. काढायला गेलं की फाटलंच पाहिजे, अशी त्याची रचना. एक्स्प्रेस वेवर समोरच्या डंपरमधून खडी उडाली आणि पुढची काच गेली, की स्टिकरही गेला. इन्शुरन्सवाले काच देतात. स्टिकरसाठी पुन्हा पोर्टल.

उपाय अवघड नाही. २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांना डीलरच प्लेट बसवून देतात. म्हणजे लॉक बसवणारी माणसं आणि अवजारं तिथे आहेतच. अधिकृत सर्व्हिस सेंटरला मोजून लॉकं द्या. बंपर बदलला की त्यांनी प्लेटवरचा लेझर नंबर गाडीच्या नोंदीशी ताडून पाहावा, फोटो काढावा, नवं लॉक मारावं आणि गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी 'वाहन' प्रणालीत नोंद टाकावी. लॉकचे आणि मजुरीचे पैसे घ्या, कोण नाही म्हणतंय? ते इन्शुरन्सच्या क्लेममध्येही धरता येतील.

तोवर आपण एवढं करा. गाडी डेंटिंगला देण्याआधी दोन्ही प्लेटांचे जवळून फोटो काढून ठेवा, खालच्या डाव्या कोपऱ्यातला लेझर नंबर वाचता येईल असे. काढलेली प्लेट गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवू देऊ नका, गाडीच्या आत सीटखाली ठेवायला सांगा. हरवली तर पोलिसांत तक्रार केल्याशिवाय राहू नका, आपल्या नंबरवर दुसऱ्याच कुणाची चलनं यायला लागतील. आणि बंपर बदलल्याचं बिल, ज्यावर गाडीचा नंबर आणि तारीख आहे, ते गाडीतच ठेवा.

मी ते बिल आरसीच्या प्लास्टिकमध्येच घातलंय. आरटीओला लेखी विचारणाही केली आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो. तुमच्यापैकी कुणाला नव्या ऑर्डरशिवाय लॉक मिळालं असेल तर शहर आणि साधारण खर्च कमेंटमध्ये लिहा.