बंदी घालावी, पण लिहू नये

एका वर्णाच्या खेळाडूंना साठहून अधिक वर्षे मैदानाबाहेर ठेवायचे आणि त्याच खेळाला साऱ्या राष्ट्राचा खेळ म्हणून मिरवायचे, असा आपला मानस असेल, तर अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या संघमालकांकडे आपण शिकवणी लावावी. पहिला धडा असा की बंदी कागदावर उतरवू नये. १८६७ साली हौशी क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीय सदस्य असलेल्या क्लबांना लेखी नकार दिला, १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीग या दुय्यम लीगच्या मालकांनी अशा खेळाडूंशी नवे करार न करण्याचे मतदान करून ठरवले. हा सगळा नवशिक्यांचा उतावीळपणा होता. मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेतील मुरब्बी मंडळींनी केवळ आपापसांतील समजुतीवर काम भागवले. त्यामुळे १९४२ मध्ये प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांना असा लेखी वा अलिखित कोणताही नियमच नसल्याचे ठामपणे सांगता आले. ते पूर्वी न्यायाधीश होते, तेव्हा पुराव्याचे महत्त्व त्यांना वेगळे शिकवावे लागले नसावे.

तत्त्वाला कवटाळून बसावे, मात्र तिकीटबारीवर नजर ठेवून. १८८३ च्या ऑगस्टमध्ये शिकागो संघाचा कर्णधार कॅप ॲन्सन याने टोलेडो येथे जाहीर केले की मोझेस फ्लीटवूड वॉकर हा टोलेडोचा कृष्णवर्णीय खेळाडू समोर असेल तर आपण खेळणार नाही. वॉकरचा हात दुखावलेला असल्याने तो त्या दिवशी विश्रांतीच घेणार होता. ॲन्सनची भाषा ऐकून टोलेडोच्या व्यवस्थापकाने त्याला मुद्दाम उतरवले. मग उत्पन्नातील वाटा बुडेल हे ध्यानात येताच ॲन्सन निमूटपणे खेळला.

तिकीटबारीचा हा विचार पुढे फार फळाला आला. ज्यांना संघात घ्यायचे नाही, त्यांना मैदान भाड्याने देण्यास मात्र कसलीही हरकत नसावी. वॉशिंग्टनमध्ये ग्रिफिथ स्टेडियमवर होमस्टेड ग्रेज हा कृष्णवर्णीयांचा संघ खेळे, प्रेक्षक जमवी आणि भाडे भरी. ग्रेजच्या जॉश गिब्सनचे फटके पाहायला लोक येत, आणि त्याच मैदानाचा यजमान संघ बरेचदा गुणतक्त्याच्या तळाशी रेंगाळत असे. १९४६ मध्ये मालकांच्या एका समितीने अहवालात नमूद केले की अशा भाड्यातून व विक्रीतून न्यूयॉर्कच्या एकट्या यांकीज संघटनेला वर्षाला सुमारे एक लाख डॉलर मिळतात. त्याच अहवालात असाही युक्तिवाद होता की मोठ्या संघात खेळण्यासाठी दुय्यम लीगमधील अनेक वर्षांचे शिक्षण लागते, आणि ते या खेळाडूंकडे नाही. दुय्यम लीगचे दरवाजेही आपणच बंद केले होते, याचा उल्लेख समितीने विनयाने टाळला. एवढ्या अनुभवी माणसांनी हे सारे लिहून ठेवावे आणि तो कागद पुढे उजेडात यावा, हे पहिला धडा विसरल्याचे फळ होय.

दबाव फारच वाढला तर चाचणी घ्यावी. बॉस्टनच्या एका नगरसेवकाने रविवारच्या सामन्यांची परवानगी अडवण्याची धमकी दिली, तेव्हा १६ एप्रिल १९४५ रोजी तिथल्या रेड सॉक्स संघाने जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स या कृष्णवर्णीय खेळाडूंना फेनवे पार्क या आपल्या मैदानावर बोलावले, त्यांचा खेळ पाहिला आणि वाटाण्याच्या अक्षता लावल्या. यातील रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिनकडून आणि जेथ्रो १९५० मध्ये त्याच बॉस्टनमधील दुसऱ्या संघाकडून सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला, म्हणून आपण विचलित होऊ नये. रेड सॉक्सने १९५९ पर्यंत, म्हणजे बाकी सर्व संघांची वाट मोकळी झाल्यावरच, पम्पसी ग्रीनला मैदानात उतरवले.

अखेर दार उघडावेच लागले, तर ते स्वस्तात उघडावे. ही बंदी मोडून रॉबिन्सनला मेजर लीगमध्ये आणणारे ब्रुकलिनचे ब्रँच रिकी यांच्या धैर्याचे कौतुक यथायोग्य आहे. तथापि रॉबिन्सनला घेताना त्यांनी त्याच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या संघाला एक डॉलरही दिला नाही. चांगले खेळाडू गेले, त्यांच्यामागे प्रेक्षक गेले, आणि १९४८ च्या हंगामानंतर कृष्णवर्णीय संघांची निग्रो नॅशनल लीग बंद पडली. प्रतिस्पर्धी आपोआप मिटला.

उरला हिशोब, तो सवडीने मिटवावा. २०२४ मध्ये मेजर लीगने निग्रो लीगांमधील आकडे आपल्या दप्तरात सामील केले आणि फलंदाजीच्या .३७२ या सरासरीने जॉश गिब्सन तोवर अव्वल असलेल्या टाय कॉबच्याही वर, सर्वकालीन यादीत पहिला ठरला. गिब्सन २० जानेवारी १९४७ रोजी, रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्याच्या तीन महिने आधी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला होता, त्यामुळे या बढतीबरोबर थकीत पगाराचा प्रश्न कोणी काढला नाही.